मऊ हाडं

सोफ्यावरून खाली उतरताना सृष्टीचा पाय मोडला. ती पडली नव्हती, तिनं उडी मारली नव्हती, तिला कुणी ढकललंही नव्हतं. नुसती उतरली होती. राजनंदिनीनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि गावापासून सांगलीपर्यंत सगळ्या वाटेवर ती तेवढंच सांगत होती.

"उतरली वो फकस्त. पाय टेकला, आन् ओरडली."

"कळलं," पुढच्या सीटवरून नानासो म्हणाले. फौजेतून हवालदार म्हणून परतलेला तिचा सासरा एकदा ऐकलेलं दुसऱ्यांदा ऐकून घेत नसे. गाडी जयराज चालवत होता, तिचा नवरा. तो आरशातूनही मागं बघत नव्हता. तिच्या शेजारी धाकटी जाऊ सोनिया, लेकीला मांडीवर आडवं घेऊन बसली होती. कराडच्या पतसंस्थेतून ती तशीच उठून आली होती. गळ्यातलं ओळखपत्र काढायचंही तिला सुचलं नव्हतं. तीन वर्षांची पोर कण्हत होती आणि कण्हता कण्हता हात लांब करत होती. आईकडं नाही, राजनंदिनीकडं.

"मोठ्याई, घे."

राजनंदिनीनं हात पुढं केले. सोनियानं पोरीला आपल्याकडं ओढून घेतलं. जरासंच. पण राजनंदिनीला ते कळलं.

सांगलीच्या डॉक्टरीण बाई लहान मुलांची हाडं बघणाऱ्या होत्या. बोलायला हळू, पण एकदा विचारलेलं सोडून न देणाऱ्या. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला.

"नडगीचं हाड आहे. प्लास्टर घालू, जुळेल. त्याची मला काळजी नाही. पण ही टोकं बघा. अशी भुरभुरीत दिसायला नकोत, कड कशी ठसठशीत पाहिजे. मनगटं बघा किती रुंद झालीत. आणि पाय बाहेरच्या बाजूला वाकलेत. कधीपासून?"

"बारकी पोरं चालत्याती की अशी फेंगडी," नानासो म्हणाले.

"चालायला कधी लागली?"

"उशिरा," सोनिया म्हणाली. "पावणेदोन वर्षांची झाल्यावर."

"आणि आज पडली कशी?"

राजनंदिनीनं पुन्हा सांगितलं. बाईंनी तोच प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं विचारला. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारताना बाई तिच्या तोंडाकडं नाही, हातांकडं बघत होत्या. काय विचारलं जातंय ते राजनंदिनीला तेव्हा उमगलं आणि तिचे कान तापले. बाईंनी पोरीचे दंड, पाठ, मांड्या उघड्या करून नीट पाहिल्या. कुठं वळ नव्हता. मग त्यांचं बोट पोरीच्या चांगल्या पायाच्या गुडघ्यावरून फिरलं आणि तिथंच थांबलं.

"हिला गुडघ्याला कधी खरचटलं नाही?"

"कवाच न्हाई," राजनंदिनी म्हणाली. तिच्या आवाजात न कळत अभिमान आला. "एवढुसंबी न्हाई."

"दिवसभर तुमच्याजवळ असते?"

"व्हय. हिची आई कामाला जाती. मीच बघते."

"काय खाते?"

"च्या-बिस्किट. वरणाचं पाणी, भात. कुरकुरं मागती मधनंच."

"दूध?"

"तोंड फिरवती."

"म्हणून देत नाही?"

नानासो खुर्चीत पुढं सरकले. "बाई, दावणीला पाच म्हशी हायत्या आमच्या. डेअरीला दूध घालणारं घर हाय आमचं."

"डेअरीचं नाही विचारत मी. हिच्या पोटात किती जातं ते विचारतेय." बाईंनी पेन खाली ठेवलं. "बाहेर खेळते ना? उन्हात?"

"खेळती की!" नानासो लगेच म्हणाले. "शेतकऱ्याचं पोर भाईर खेळंल न्हाई तर करंल काय?"

जयराज खिडकीबाहेर बघत होता. सोनियानं राजनंदिनीकडं पाहिलं, राजनंदिनीनं सोनियाकडं. दोघींनाही खरं माहीत होतं आणि दोघींनीही सासऱ्याचं खोटं तसंच जाऊ दिलं.

मग पलंगावरून सृष्टीच म्हणाली, शिकवलेलं म्हणावं तसं, "भाईर न्हाई जायचं. भाईर तळं हाय. दादा बुडला."

बाईंनी सगळ्यांकडं आळीपाळीनं पाहिलं. "दादा कोण?"

"माझा मुलगा," जयराज म्हणाला. गाव सोडल्यापासून तो पहिल्यांदाच बोलत होता. "साईराज. सहा वर्षांचा हुता. आमच्याच शेततळ्यात गेला. तीन वर्षं झाली."

त्या दिवसाबद्दल घरात कुणी बोलत नसे. राजनंदिनीला मात्र तो दिवस रोज आठवायचा. साईराजला दूध आवडत नसे. ओट्यावर पेला भरून ठेवलेला, आणि ती त्याच्यावर ओरडली होती: संपवल्याबिगर हालायचं न्हाई हितनं. ती कपडे वाळत घालायला वळली, तेवढ्यात तो पळाला. दुधाला भिऊन पळाला. रानाकडं गेला, तळ्याच्या प्लास्टिकच्या कागदावरून घसरला. त्या कागदावर शेवाळं धरलं होतं. मोठ्या माणसालाही वर येता आलं नसतं. संध्याकाळी माणसांनी घर भरलं तेव्हा पेला ओट्यावर तसाच होता, वर जाड साय धरलेला.

त्यानंतर तिनं कुठल्याच लेकराला दुधासाठी आग्रह केला नाही. सृष्टीनं पहिल्यांदा तोंड फिरवलं त्याच दिवशी तिनं वाटी उचलून नेली. आणि पुढचं दार, मागचं दार, गच्चीच्या जिन्याचं दार, तिन्हींना तिनं आतून वरच्या बाजूला कड्या लावून घेतल्या. पोरीचा हात पोचणार नाही अशा.

"मुडदूस म्हणतात आपल्याकडे," बाई सांगत होत्या. "कॅल्शियम पोटात नाही आणि अंगाला ऊन नाही. मग हाडं धरत नाहीत, मऊ राहतात. अंगाच्या भारानं वाकतात, कधी मोडतात. रक्त तपासू, पण मला तेच दिसतंय. औषध देईन. दूध नाही आवडत तर दही द्या, ताक द्या, नाचणी, तीळ, अंडं, हिरवी भाजी. आणि रोज उन्हात खेळू द्या. लहान आहे, पाय सरळ होतील बहुतेक. पण वर्ष-दोन वर्षं धीर धरावा लागेल. सगळा बाक जाईलच असं आज मी सांगणार नाही."

नानासो बाहेर येऊन बाकावर बसले आणि कितीतरी वेळ टोपी हातात फिरवत राहिले. "मुडदूस," ते स्वतःशीच म्हणाले. "माझ्या घरात."

*

प्लास्टर घालून आठवडा झाला तेव्हा आटपाडीकडून सोनियाचे वडील आले. कोंडीबा सडसडीत, उन्हानं काळवंडलेला माणूस होता. डाळिंबाची थोडी बाग आणि घरच्या शेळ्या एवढाच त्याचा व्याप. पिकअप त्यानं अंगणातच लावली आणि चहा नको म्हणाला. नको म्हटलेला चहा राजनंदिनीनं तरीही गॅसवर चढवला, कारण स्वयंपाकघरात उभं राहायला काहीतरी निमित्त पाहिजे होतं. मधल्या भिंतीतून सगळं ऐकू येत होतं.

"इवाई, मी भांडाया आलो न्हाई," कोंडीबा म्हणाला. "लेक आन् नात दोघींना न्यायला आलोय. पोरगी बरी हुस्तोवर ऱ्हाऊं द्या आमच्याकडं."

"पाय प्लास्टरात आसताना नात उंबरा वलांडणार न्हाई," नानासो म्हणाले. "लोक काय म्हंतील? घरात खायाला नव्हतं म्हणून आजोळी धाडली?"

"लोकांचं ऱ्हाऊं द्या. पोरीचं बोला."

"पोरीचं म्या बोलते," शालूबाई मधे पडल्या. राजनंदिनीची सासू भिंतीला टेकून बसली होती. गुडघ्यांमुळं तिला उठता येत नसे, पण आवाज अजून शाबूत होता. "आई नोकरीला गेल्याव पोर कुणी बघायची? हिनं घरात ऱ्हायाला पायजे हुतं. जल्माला घालून दुसरीच्या मांडीवर टाकायचं, आन् वाकडं झालं की दुसरीचं नाव घ्यायचं?"

"मी अक्काचं नाव घेतलं न्हाई, आत्याबाई," सोनिया म्हणाली. "एकदाबी न्हाई. आन् मांडीवर मी टाकली नव्हती. तुमी ठिवली हुती."

शालूबाई थांबल्या. स्वयंपाकघरात राजनंदिनी भिंतीजवळ सरकली.

"व्हय, म्या ठिवली!" शालूबाईंचा आवाज फाटला. "चार महिन्यांची पोर तुज्याकडनं घेतली आन् हिच्या पदरात घातली. काय करू मग? ती जेवत नव्हती, बोलत नव्हती, तळ्याच्या कडंला जाऊन बसायची. जयराज दोनदा वडून आणायचा दिवसातनं. त्या पोरीनं तिला जगवलं. न्हाईतर ह्या घरातनं अजून एक तिरडी उचलली आसती. तुमाला समद्यांना ठावं हाय ते. बोला की, न्हाई म्हणा!"

"न्हाई म्हणत न्हाई," सोनिया म्हणाली. "पर माझं पोर औषध म्हणून दिलंसा तुमी. औषधाच्या बाटलीला कोण इचारतं का, तुला काय हुतंय म्हणून?"

चहा उतू गेला. राजनंदिनीनं गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिली.

"आन् मीबी दिलं," सोनिया आता हळू बोलत होती. "सकाळी डबा घिऊन निघताना कवा मागं वळून बघितलं न्हाई. सांजच्याला आले की पोर न्हाऊन-माखून, पावडर लावून तयार. मला बरं वाटायचं, सोयीचं हुतं. पाय वाकडं दिसत हुतं मला, नाना. दिसत हुतं! पर इचारलं आसतं तर अक्काला जाब इचारल्यागत झालं आसतं. तुमी डॉक्टरीण बाईंना खेळती म्हणून सांगितलंसा, तवा मी गप बसले. कशापायी? तुमच्यागत मलाबी ते खरं ऐकायचं नव्हतं."

नानासोंनी खिशातून मोबाईल काढला. "इश्वजितला इचारू. पोर त्येची हाय." ते घरात शेवटचा शब्द आपला ठेवायचे, पण आज त्यांना तो दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा होता. सोनियाच्या नवऱ्याचं, विश्वजितचं, फौजेतलं पोस्टिंग पार ईशान्येला होतं. फोन दोन वेळा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. आवाज तुटत तुटत येत होता. नानासोंनी सांगितलं, मग शालूबाईंनी, मग कोंडीबानं, आणि प्रत्येकानं निराळंच सांगितलं.

"नाना, रजा टाकलीया मी, मिळंना झालीया," विश्वजित म्हणाला. "सोनिया म्हणंल तसं करा. मी तितं न्हाई, मी काय सांगू?" मग जरा वेळ नुसती खरखर. "वैनी हायत का तितं? त्यांना म्हणावं, माझा काय राग न्हाई."

राग नाही हे शब्द राजनंदिनीला शिवीसारखे लागले. राग आला असता तर बरं झालं असतं. या घरात तीन वर्षं तिच्यावर कुणी रागावलंच नव्हतं. सगळे तिच्यापुढं हळू चालायचे. त्या हळू चालण्यात पोरीचे पाय वाकले.

ती बाहेर आली. चहा तिनं आणलाच नाही.

"घिऊन जा तिला," ती सोनियाला म्हणाली.

"नंदा, तू आत जा," नानासो म्हणाले.

"न्हाई नाना. ऐका माझं. बाईंनी सांगितलं तसं नाचणीचं सत्त्व मी करीन. अंडं भरवीन, औषध चुकवायची न्हाई, दह्याची वाटी घिऊन तिच्या मागं फिरीन. समदं करीन. पर दार उघडायचं माझ्याच्यानं हुणार न्हाई. ह्या आठवड्यात सोनिया तिला घिऊन गच्चीवर बसती, तवा मी मोरीत जाऊन कान झाकून बसते. कवा वरनं वरडा यील म्हणून. पोर माझ्याजवळ ऱ्हायली तर मी परत दार लावीन. आज न्हाई लावायची, उद्या न्हाई. पर लावीन."

जयराज उठून तिच्याजवळ आला. ती हात झटकेल असं त्याला वाटलं असावं, कारण तो एक पाऊल अलीकडंच थांबला. मग तो बापाकडं वळला. "जाऊं दे त्यांना, नाना. आता पुरं."

नानासोंनी दोन्ही पोरांच्या बायकांकडं पाहिलं, मग थोरल्या पोराकडं. त्यांच्या बाजूला बोलणारं आता कुणीच नव्हतं. शालूबाईसुद्धा पदर तोंडात धरून बसल्या होत्या.

*

सृष्टीचे कपडे भरायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो तिला दाराबाहेर न्यायला. कोंडीबानं उचललं तशी ती ताठ झाली. दारातल्या उन्हाची तिरीप तोंडावर आली आणि तिनं किंकाळी फोडली, डोळ्यांवर दोन्ही पंजे दाबले. सोनियानं घेतलं तर तिनं प्लास्टरचा पाय झाडायला सुरुवात केली.

"पाय हालवू नगं गं, बाळा, पाय!"

"आत! मोठ्याई, आत!"

कोंडीबानं अंगणात उभं राहून राजनंदिनीकडं पाहिलं. पोर तिच्याशिवाय कुणाकडं शांत होणार नव्हती.

राजनंदिनीनं तिला घेतलं. पोरीनं तोंड तिच्या मानेत खुपसलं. दारापासून पिकअपपर्यंत मोकळं अंगण, डाव्या हाताला म्हशींचा गोठा, आणि गोठ्याच्या पलीकडं, उसाच्या वर, तळ्याचा उंच बांध. त्या बाजूला तिनं शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिलाच आठवत नव्हतं. आताही तिनं पाहिलं नाही. पण पाय उचलले.

"भाईर तळं हाय," मानेतून आवाज आला.

"हाय," ती म्हणाली. "पर आपुन तिकडं जायचं न्हाई. आपुन गाडीत बसायचं."

"मी बुडंन?"

"न्हाई बुडायचीस."

"दादा बुडला."

"व्हय."

"मग?"

भाईर काय भ्या न्हाई असं म्हणायला तिची जीभ उचलेना. म्हटलं असतं तर साईराज कशानं गेला? ती अंगणाच्या मधोमध थांबली. ऊन डोक्यावर होतं, आणि दारं लावून राहिलेल्या तिच्या स्वतःच्या डोळ्यांनाही ते सोसेना. सगळं घर दारात उभं राहून बघत होतं.

"दादाला कुणी धरलं न्हाई," शेवटी ती म्हणाली. "तुला आई धरंल. तुजा आजा धरंल. तिकडं शेरडं हायती, बारकी करडं हायती. तू मोप हिंड. मी तुला भ्या घातलं हुतं नव्हं? ते माझं भ्या हुतं. ते तू नगं घेऊ."

पोरीला त्यातलं किती कळलं कुणास ठाऊक. रडं मात्र थांबलं. राजनंदिनीनं तिला सोनियाच्या मांडीवर ठेवलं, प्लास्टरखाली उशी सारली. मानेभोवतीचे हात सुटेनात. ते तिला एकेक करून सोडवावे लागले. सोनियानं तिचं मनगट धरलं.

"अक्का, मी तुमच्यावर..."

"बोलू नगंस," राजनंदिनी म्हणाली. "जा. अंधार पडायच्या आदी घाट चढा."

पिकअप गेली. दारातली माणसं एकेक करून आत गेली. शालूबाई आतून दोनदा हाका मारून थकल्या. जयराज मात्र तिच्या मागं, गोठ्याच्या सावलीत उभा राहिला, ती वळेपर्यंत.

*

परत येऊ म्हणून गेलेली सोनिया परत आली नाही. आधी प्लास्टर निघेपर्यंत म्हणाली, मग पुढची तपासणी होईपर्यंत. विश्वजित रजेवर आला तो थेट आटपाडीला उतरला आणि जाताना दोन दिवस गावी राहून नानासोंशी चूल वेगळी करायचं बोलून गेला. भांडण झालं नाही. नानासो डेअरीला दूध घालून येत आणि बैठकीत एकटे बसत. सोफ्यावर मात्र बसत नसत.

पौषात औंधला यमाईच्या दर्शनाला यायचं सोनियानं फोनवर कबूल केलं. दोन्ही गावांना ते मधेच पडतं. राजनंदिनी आणि जयराज आधी पोचले आणि डोंगराच्या पायथ्याला झाडाखाली बसले.

पोर दिसली तेव्हा राजनंदिनीनं आधी ओळखलंच नाही. काळी झाली होती, केसात धूळ, दोन्ही गुडघ्यांवर खपल्या. पाय अजून बाकदार होते. डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या, हाडं धरतायत, पण वेळ आहे. चालताना ती एका बाजूला कलत होती. तशीच कलत ती पायऱ्यांकडं पळत सुटली आणि सोनियानं हाक मारल्यावर थांबली.

"मोठ्याई आलीया बघ."

सृष्टी कोंडीबाच्या धोतराआड गेली. तिथून जरा वेळ बघत राहिली, अनोळखी माणसाकडं बघावं तशी. मग हळूहळू आली आणि राजनंदिनीच्या मांडीवर बसली. तिच्या अंगाला शेरडांचा वास येत होता. राजनंदिनीनं तिच्या गुडघ्यावरच्या खपलीवर बोट ठेवलं.

"दुखतंय?"

"न्हाई. पडले," सृष्टी म्हणाली, आणि एवढं सांगून झाल्यावर तिला तिथं बसायचं कारण उरलं नाही. ती मांडीवरून घसरली, पायऱ्यांकडं निघाली. पहिल्या पायरीला अडखळली, हात टेकून उठली, पुढं गेली.

राजनंदिनीनं तिला धरलं नाही. तिचे हात मात्र पदराखाली मुठी वळून बसले होते, आणि सगळी माणसं वर जाऊन दिसेनाशी झाली तरी त्या मुठी तिला सोडवता येईनात.